गेरूच्या पुडीवर आत काय आहे ते लिहा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार,

दिवाळी जवळ आली की आमच्या दुकानात गेरूचं पोतं दारातच उघडं करून ठेवावं लागतं, मग तुळशीचं लग्न होईपर्यंत माझे हात कोपरापर्यंत लाल असतात, घरी गेल्यावर धुतले तरी नखांच्या कडेला राहतंच. आमचं दुकान रंग आणि हार्डवेअरचं, कुडाळ तालुक्यातलं, सासऱ्यांनी टाकलेलं, गेली सव्वीस वर्षं मी बघते. सिमेंट, पुट्टी, थिनर, खिळे असं सगळं असलं तरी मला मनापासून आवडणारी वस्तू म्हणजे हा गेरू, कारण बाकी सगळं कंपन्यांचं आहे आणि गेरू आपल्या आजीपणजीपासून चालत आलेला आहे. पण या गेरूबद्दल लोकांच्या डोक्यात इतका गोंधळ आहे आणि त्या गोंधळापायी एका मुलीचं जे होता होता राहिलं ते मी डोळ्याने बघितलंय, म्हणून हे पत्र. लांब होईल, पण शक्य असेल तर सगळं छापा ही विनंती.

आधी तीच गोष्ट सांगते. मुलीचं नाव-गाव सांगत नाही. माघ महिना असेल, दुपारची वेळ, दुकानात कोणी नाही, एक विशीतली मुलगी आली आणि म्हणाली, काकी, माका पाव किलो गेरू व्हयो. दिला. पुढच्या आठवड्यात परत. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी विचारलं, बाय, कित्याक गो इतको गेरू, तर म्हणाली तुळशीक लावूक. आता तुळशीचं लग्न होऊन तीन महिने झालेले, आणि एका वृंदावनाला पाव किलो गेरू वर्षभर पुरतो. तिच्याकडे नीट बघितलं तर ओठ पांढरे, डोळ्यांखाली काळं, आणि पोट जरा पुढे दिसत होतं, पाचवा महिना तरी असेल. पुडी बांधताना खाली चार खडे सांडले तर तिने ते उचलले आणि एक खडा नकळत तोंडाकडे नेला. तेव्हा मला कळलं. मी तिला आत बसवलं, पाणी दिलं, रागावले नाही, कारण आमच्या घरातच एका बाईला बाळंतपणाच्या वेळी पाटीवरची पेन्सिल खायची सवय लागलेली मी बघितलीय. तिने हळूच सांगितलं की पयल्या पावसाचो वास येता म्हणान खातंय, आणि शेजारणीने तिला मोबाईलवर एक मेसेज दाखवला होता की गेरूत सत्तर टक्के लोह असतं, चिमूटभर मधातून घेतला की रक्त वाढतं. तिला वाटलं सवयीची सवय आणि औषधाचं औषध.

आता हा मेसेज अजून फिरतोय, मला स्वतःला दोन ग्रुपवर आला. त्यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे तो सत्तरचा आकडा पूर्ण खोटा नाहीये. गेरूतला लाल भाग म्हणजे हेमटाईट नावाचं खनिज, लोखंड आणि ऑक्सिजन मिळून झालेलं, आणि एकदम शुद्ध हेमटाईटमध्ये वजनाने साधारण ७० टक्के लोखंड असतं हे खरं आहे. पण पोत्यातला गेरू म्हणजे शुद्ध हेमटाईट नव्हे, ती हेमटाईट मिसळलेली माती असते, चिकणमाती, बारीक वाळू सगळं त्यात आलं. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की त्यातलं लोखंड आपल्या पोटात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला जी लाल गोळी देतात ना, त्यात लोहाचा क्षार असतो, तो विरघळतो आणि आतडं तो शोषून घेतं. एका गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, रोज एक, १८० दिवस. गेरूतलं लोखंड मात्र आधीच गंजून घट्ट झालेलं, ते आलं तसं बाहेर जातं.

बरं, नुसतं निरुपयोगी असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. माती खाल्ली की ती पोटात असलेलं दुसरं लोहसुद्धा धरून ठेवते, म्हणजे पालेभाजीतलं, गोळीतलं जे अंगी लागायचं तेही कमी लागतं. मातीबरोबर जंतांची अंडी जातात, त्यातल्या काही जंतांनी परत रक्त कमी होतं, आणि माती कुठची आहे त्याप्रमाणे तिच्यात शिसं किंवा आर्सेनिकही असू शकतं. आणि माती खावीशी वाटणं हेच कितीतरी वेळा रक्त कमी असल्याचं लक्षण असतं, म्हणजे मुलगी माती खातेय म्हणून रक्त कमी आणि रक्त कमी म्हणून माती खातेय, असं ते चक्र चालू राहतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी असल्याचं आलंय. म्हणजे माझ्या दुकानात येणाऱ्या दर दुसऱ्या बाईला. मी त्या मुलीला दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीतल्या आशाताईंबरोबर आरोग्य केंद्रात पाठवलं, हिमोग्लोबिन सात निघालं, गरोदरपणात निदान अकरा तरी पाहिजे. गोळ्या तिच्या घरी होत्याच, डब्यात तशाच्या तशा, मळमळतं म्हणून घेत नव्हती. आशाताईंनी तिला समजावलं की रात्री जेवून झोपताना घे, वर लिंबूपाणी पी, चहाबरोबर घेऊ नको आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर पण नको, मग अंगी लागतं. आणि एक गोष्ट त्यांनी तिला बजावून सांगितली ती मी इथे मुद्दाम लिहिते, की या लाल गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, गोड पापुद्रा असतो म्हणून मुलं खातात आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाने मूठभर खाल्ल्या तर जीवावर बेततं. म्हणजे गोष्ट तीच, लोह, पण एका रूपात अंगी लागत नाही आणि दुसऱ्या रूपात प्रमाणाबाहेर गेलं की विष होतं. नुसतं अमुक टक्के लोह आहे एवढं वाचून काही कळत नाही हे लोकांनी समजून घ्यावं.

आयुर्वेदात गेरू आहे ना, असं मला हमखास विचारतात. आहे. गैरिक म्हणतात, गिरीवरून गैरिक आणि त्यावरून आपला गेरू, आणि सोनगेरू नावाच्या त्याच्या एका प्रकाराचा औषधात उपयोग करतात हे मलाही माहीत आहे. पण तो निवडून, शुद्ध करून, वैद्यांनी माप ठरवून दिलेला असतो. माझ्या पोत्यातला गेरू ट्रकमधून येतो, त्याच ट्रकमध्ये त्याच्या शेजारी काय होतं ते मला माहीत नसतं. ज्यांना औषध घ्यायचंय त्यांनी वैद्यांकडे जावं, रंगाच्या दुकानात नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते ही जास्त काळजीची. गेरू आणि शेंदूर या दोन वस्तू एकच आहेत किंवा भाऊ-भाऊ आहेत असं खूप जण समजतात. कित्येकदा माणूस शेंदूर मागतो आणि गेरूकडे बोट दाखवतो, किंवा उलट. संपादक साहेब, या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. गेरू लोखंडाचा आणि पारंपरिक शेंदूर शिशाचा. शिसं लहान मुलांच्या मेंदूला घातक असतं, आणि जागतिक आरोग्य संघटना सांगते की मुलांच्या बाबतीत शिशाचं अमुक इतकं चालेल असं कुठलंही सुरक्षित प्रमाण माहीत नाही. शेंदूर नारिंगीकडे जाणारा आणि चिमटीत धरला तरी जड लागतो, गेरू तपकिरी लाल आणि त्यामानाने हलका, हे हाताला सवय झाली की कळतं, पण नव्या माणसाला नाही कळत. देवाला शेंदूर लावायची श्रद्धा आहे ती मी पण मानते, आमच्या गावच्या मारुतीला दरवर्षी लावतात, फक्त लावल्यावर हात साबणाने धुवावेत, त्याच हाताने प्रसाद वाटू नये आणि तान्ह्या बाळाच्या कपाळाला तो टेकवू नये एवढंच माझं म्हणणं.

आणि गंमत बघा म्हणणार नाही मी, वाईट वाटतं मला, की घराला लावायच्या रंगाच्या डब्यासाठी आपल्याकडे कायदा आहे. २०१६ साली नियम झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर चालत नाही, म्हणजे दहा लाख भागांत नव्वद भाग, आणि ते डब्यावर लिहावं लागतं. मी गिऱ्हाईकाला ते दाखवते. पण पूजेच्या सामानात, रांगोळीच्या सामानात जी लाल पुडी मिळते, जी लहान मुलं हातात घेऊन दारात बसतात, तिच्यावर शिशाबद्दल एक अक्षर नसतं. पुष्कळदा तर बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, वजन नाही. पाकीटबंद मालावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, किंमत छापायची हा वैधमापनाचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा, २०११ चा नियम आहे, साध्या बिस्किटाच्या पुड्यावर सगळं असतं, मग गेरूच्या पाकिटावर का नाही?

मागच्या वर्षी माझ्याच दुकानात झालेलं सांगते. एक माणूस माल घेऊन आला, छान पॅकिंग, वर तुळशीचं चित्र, रंग तर इतका तेजदार की पोत्यातला गेरू त्याच्यापुढे फिका. स्वस्त पण होता. मी दोन डझन पाकिटं घेतली, ती माझी चूक. एका काकींनी नवीन घराच्या पांढऱ्या टाईल्सवर दारात लावला रांगोळीसाठी, आणि दुसऱ्या दिवशी पुसायला गेल्या तर गुलाबी डाग निघेचना, आजही आहे तो. मग मी काचेच्या दोन ग्लासात पाणी घेतलं, एकात पोत्यातला गेरू चमचाभर आणि दुसऱ्यात पाकिटातला, ढवळून रात्रभर ठेवलं. सकाळी पोत्यातल्या गेरूचा साका खाली बसलेला आणि वर पाणी जवळजवळ निवळ. पाकिटवाल्याचं पाणी मात्र सरबतासारखं गुलाबी. याचा अर्थ त्यात विटेची भुकटी किंवा साधी माती असणार आणि वरून पाण्यात विरघळणारा कसलातरी रंग. खनिजाचा रंग पाण्यात विरघळत नाही, नुसता तरंगतो आणि बसतो. हे घरी कोणालाही करून बघता येतं, त्याला प्रयोगशाळा लागत नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की यावरून विरघळणारा रंग पकडता येतो, शिसं पकडता येत नाही, कारण शेंदूरही पाण्यात विरघळत नाही, खालीच बसतो. म्हणून तर पाकिटावर लिहिलेलं असायला हवं असं मी म्हणते. उरलेली पाकिटं मी परत केली, त्याने घेतली पण म्हणाला, वहिनी तुम्हीच पहिल्या तक्रार करणाऱ्या.

खरा गेरू इतका गुणी आहे की त्याच्या नावावर हे खपवलेलं मला बघवत नाही. त्याचा रंग उन्हाने उडत नाही, कारण ते लोखंड आधीच पूर्ण गंजून गेलेलं, आता त्याला अजून काही व्हायचं राहिलेलं नाही. अजिंठ्याच्या चित्रांतला लाल रंग हाच, भीमबेटकाच्या गुहांतली लाल चित्रं याचीच, आणि दक्षिण आफ्रिकेत ब्लोम्बोस नावाच्या गुहेत तर एक लाख वर्षांपूर्वी माणसाने लाल माती कुटून शिंपल्यात कालवून ठेवलेली सापडली. आपल्या वारली लोकांच्या भिंती, शेणाने सारवून वर गेरू आणि त्यावर तांदळाच्या पिठाची पांढरी रेघ. आमच्याकडे कोकणात आणि गोव्यात याला काव म्हणतात, जुन्या देवळांत कावी काम दिसतं, चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर कावेचा लाल थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने नक्षी कोरून खालचा पांढरा बाहेर काढायचा. किती पाऊस खाल्ले त्या भिंतींनी. जुन्या घरातला लाल कोबा आठवत असेल, सिमेंटमध्ये रेड ऑक्साईड घालून घोटलेला, उन्हाळ्यात त्यावर दुपारी नुसतं आडवं झालं तरी गार वाटायचं, ते रेड ऑक्साईड म्हणजे हाच पदार्थ, फक्त कारखान्यात केलेला. ग्रिलला मारायचा लाल प्रायमर तोच. अंगावर पुरळ आल्यावर लावायचं कॅलामाईन लोशन गुलाबी दिसतं ते पण जस्ताच्या पांढऱ्या भुकटीत हा चिमूटभर असतो म्हणून. सोनार पॉलिशला जी लाल पावडर वापरतात ती हीच. माझी मुलगी तर सांगते की मंगळ लाल दिसतो तोही लोखंडाच्या गंजामुळे आणि २००४ साली नासाच्या गाडीला तिथे तुरीच्या दाण्याएवढ्या हेमटाईटच्या गोळ्या सापडल्या.

एक साधी ओळख सांगते, ती मला रेडीच्या लोखंडाच्या खाणीवर काम केलेल्या एका आजोबांनी दाखवली. (रेडी म्हणजे जिथे १९७६ मध्ये खाणीत द्विभुज गणपती सापडला ती.) ते दुकानात आले, खिशातून एक काळा, शिशासारखा चकाकणारा जड दगड काढला आणि म्हणाले याचो रंग सांग. मी म्हटलं काळा. त्यांनी चहाचा कप उलटा केला, बुडाला जी खरखरीत बिनचकाकीची कड असते तिच्यावर दगड ओढला, आणि रेघ आली ती रक्तासारखी लाल. दगड दिसायला काळा असो, करडा असो, हेमटाईट असेल तर रेघ लालच. ग्रीक भाषेतल्या रक्तावरूनच त्याला ते नाव पडलंय. आणि त्याला साधं लोहचुंबक जवळपास चिकटत नाही. म्हणून ऑनलाईन जी चुंबकवाली हेमटाईटची ब्रेसलेट विकतात, रक्त सुधारतं म्हणून, ती कारखान्यात केलेल्या चुंबकाची असतात, त्याने रक्ताला काही होत नाही, उलट त्यातले दोन मणी लहान मुलाने गिळले तर आतड्याला दोन्हीकडून चिमटा बसून ऑपरेशनची वेळ येते. घरात मूल असेल तर आणूच नका.

धुळीचं पण सांगायला हवं. गेरू कोरडा चाळताना, पोतं झटकताना मी तोंडाला फडकं बांधते आणि पोराला पण बांधायला लावते, कारण लाल कण तर फुप्फुसात बसतातच पण मातीतली बारीक वाळू जास्त वाईट. वर्षातून चार दिवस तुळशीला लावणाऱ्याला घाबरायचं कारण नाही, त्याने फक्त तो आधी पाण्यात कालवावा. रोज त्या धुळीत असणाऱ्याची गोष्ट वेगळी. जमिनीखालच्या हेमटाईट खाणीत काम करणं हे कॅन्सरच्या कारणांत धरलेलं आहे, तिथे रेडॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू असतो म्हणून, खुद्द हेमटाईटला तो शिक्का नाही. आणि उघड्या खाणींनी काय केलं ते गोव्यात डिचोली-सत्तरीकडच्या शेतकऱ्यांना विचारा, पावसात लाल गाळ भाताच्या खाचरात येऊन बसतो आणि शेत कामातून जातं. २०१२ ला तिथे खाणी बंद पडल्या, २०१८ ला परत कोर्टाने थांबवल्या, तो मोठा विषय आहे, त्यात मी जात नाही.

अजून एक धोका आहे, तो मला माहेरी कळला. माझा भाऊ सांगोल्याकडे डाळिंब करतो. डाळिंबाच्या खोडाला भोकं पाडणारा किडा लागतो म्हणून गेरूत कीटकनाशक आणि बुरशीनाशक कालवून खोडाला लेप देतात. काम झाल्यावर उरलेली बादली गोठ्याजवळ तशीच, आणि संध्याकाळी वहिनी त्यातला गेरू घेऊन उंबऱ्याला लावायला बसली. दिसायला काही फरक नाही ना! वास आला म्हणून तिच्या लक्षात आलं, नाहीतर त्याच उंबऱ्यावर रांगणारी नात होती. शेतकरी बंधूंनी औषधाचा गेरू वेगळ्या बादलीत कालवावा आणि उरला तर त्यावर झाकण आणि खूण असावी.

माझी मागणी फार मोठी नाही. गेरू, रांगोळी, शेंदूर विकणाऱ्या प्रत्येक पाकिटावर तीन गोष्टी मराठीत छापायला लावाव्यात, आत काय आहे, शिसं आहे की नाही आणि हे खाण्यासाठी नाही. वैधमापनवाल्यांनी सणाआधी बाजारात एक फेरी मारून बिननावाची पाकिटं उचलावीत, माझ्या दुकानापासून सुरुवात केली तरी चालेल. आणि आपण तुळशीच्या लग्नाच्या पानावर जो मजकूर छापता त्यात शेंदूर आणि गेरूच्या फरकाच्या चार ओळी टाकाव्यात, आमच्या भागात अजून पेपर वाचून पाकीट घेणारे लोक आहेत.

त्या मुलीला श्रावणात मुलगा झाला, अडीच किलोच्या वर. परवा ती आली होती बाळाला घेऊन, गेरू घ्यायला, खरोखरच तुळशीसाठी. मी पुडीवर पेनाने लिहून दिलं, गेरू, लावण्यासाठी. आता सगळ्याच पुड्यांवर लिहिते.

आपली नियमित वाचक,
एक दुकानदार गृहिणी, कुडाळ